सैल म्यान

"माझ्या हातून चूक झाली असेल तर आजच चामडं शिवायची आरी खाली ठेवतो," चंद्रकांतकाकांनी चामड्याचं म्यान टेबलावर ठेवलं. "पण चूक कुठं झाली तेच मला दिसेना."

सेक्टर बावीसमधल्या वीणाच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात तिचा मदतनीस शिशिर मुठी आवळून ऐकत होता. काका मूळचे मिरजेचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर उत्तरेतल्या याच शहरात राहिले आणि सेक्टरच्या बाजारात हत्यारांची म्यानं शिवू लागले. परवा त्यांची गिऱ्हाईक डॉक्टर आसावरी आठ-दहा दिवसांच्या खंडानंतर लाकूड कोरायला बसली. ती वाकताच काकांनी शिवलेल्या कमरेच्या म्यानातून चाकू निसटला आणि पायाची शीर तुटली. तिचा नवरा श्रीनिवास युनिव्हर्सिटीत प्राध्यापक. तो भर दुकानात काकांवर ओरडला, म्यान त्यांच्या अंगावर फेकलं आणि शहरातल्या ओळखीच्या झाडून साऱ्या मराठी घरांत फोन केले. तेव्हापासून दुकानात कुणी फिरकलं नव्हतं.

"ओलं चामडं पात्यावर बसवून वाळवतो," काका म्हणाले. "आत जे असेल त्याचा आकार ते धरतं. ताईंसमोर उलटं धरून हलवलं होतं. चाकू पडला नाही."

वीणाने म्यानात टॉर्च मारला. "शिशिर, पात्याची पाठ येते ती बाजू बघ."

"ओरखडे आहेत. सारख्या अंतरावर. त्याचं काय?"

"चल."

आसावरीचा शेजारी अनिमेष तिच्याबरोबरच कोरीवकाम शिकायचा. "मी कशाला हात लावू तिच्या म्यानाला?" तो उसळला. त्याच्या चाकूचं पातं तिच्या पात्यासारखंच पातळ, पाठीला गुळगुळीत. म्यानात घातलं तर तेही घसरून पडलं. तरी इतका उसळला म्हणजे हाच तो, शिशिरने मनात ठरवून टाकलं.

शेजारी आसावरीच्या घरी श्रीनिवास व्हरांड्यात पार्सलची दोरी कापत होता. चाकूचं पातं जाड, पाठीला करवतीसारखे दात.

"झकास आहे," वीणा म्हणाली.

"गेल्या आठवड्यात ट्रेकला नेला होता. तीन दिवस नुसता पाऊस, यार! बायकोच्या सामानाला मात्र मी हात लावत नाही. त्या म्हाताऱ्याचं दुकान बंद पाडणार, पक्का!"

शिशिरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीणाने त्याला कोपराने मागे सारलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना आसावरीच्या खोलीत बोलावलं. काका दारापाशीच उभे राहिले.

"म्यान सैल शिवलेलं नव्हतं. ते नंतर सैल झालं," वीणा म्हणाली. "ते भिजलं, कुणीतरी त्यात जाड पातं कोंबलं आणि ते तसंच वाळलं. आसावरीचं पातं पातळ, अनिमेषचंही पातळ. दोघांच्या पात्यांना दात नाहीत, आणि आतले ओरखडे दातांचे आहेत. श्रीनिवास, तुमचा चाकू द्या."

चाकू म्यानात घट्ट बसला. वीणाने ते उलटं धरून हलवलं. पडला नाही.

श्रीनिवासचा चेहरा उतरला. "माझ्या चाकूला म्यान नव्हतं... म्हणून ट्रेकला हे नेलं. आल्यावर परत ठेवून दिलं. आसावरी, तुला कळलं असतं तर चिडली असतीस, म्हणून—"

"पायाचं मी सोडून दिलं असतं," आसावरीने त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "चूक तुझी, आणि बदनामी यांची? लाव फोन! ज्याला ज्याला सांगितलंस, त्या प्रत्येकाला. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने पहिला नंबर लावला. "हॅलो... ते म्यानाचं..." तो पुटपुटला.

काका दारापासून दोन पावलं आत आले.

"मोठ्यानं बोला, साहेब. माझ्या दुकानात तर आवाज चांगला लागला होता तुमचा."