आईच्या हातची साय

"हात दाखव," डॉ. शहनाज परकार म्हणाल्या.

वृषालीने हात पुढे केले, पण तळवे खाली ठेवून. शाळेत छडीच्या भीतीने मुलं करतात तसे. परकार मॅडमनी ते अलगद उलटे केले आणि दिव्याखाली धरले. पेरापेरांवर उभ्या चिरा पडल्या होत्या आणि तळव्याची कातडी आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी तडकली होती. अंगठ्याखालच्या भेगेत रक्ताची बारीक रेघ होती.

"हे कशाने?"

"काल कढई घासली. हर्षदची, म्हणजे नवऱ्याची, दुर्बिणीवर पाळी होती. नाहीतर भांडी तोच करतो."

"मोजे?"

"घातले होते. आतून सुती, वरून रबरी. त्यात घाम येतो, घामाने खाज सुटते, खाजवलं की चिरा. काढले तर साबण लागतो. मॅडम, सगळं करून झालंय. रिठे, राख, शिकेकाई. शिकेकाईने तर दोन दिवस मूठ मिटता येत नव्हती."

साताऱ्याच्या त्या त्वचाविज्ञान प्रयोगशाळेत भिंतीभर काचेच्या पेट्या होत्या आणि त्यांत वाढवलेल्या मानवी कातडीच्या चकत्या मंद उजेडात निजल्या होत्या. त्यांच्यासमोर बाबागाडीत रुंजीही निजली होती, तोंड किंचित उघडं टाकून.

"हिच्यासाठी आलेय," वृषाली म्हणाली. "आठ महिन्यांची झाली, पण उघड्या हातांनी मी हिला एकदाही न्हाऊ घातलेलं नाही. तेल लावायला गेले की माझ्या चिरांच्या कडा हिला ओरखडतात, रडते. मग मोजे. हिला वाटत असेल, आईचे हात रबराचेच असतात."

परकार मॅडमनी तिचे हात लगेच सोडले नाहीत.

"साबणाचं कामच तेल ओढून न्यायचं," त्या म्हणाल्या. "ताटाचं तेल कुठलं आणि हाताचं कुठलं, हे त्याला कळत नाही. बहुतेकांची कातडी घटकाभरात नवं तेल सोडते. तुझी सोडत नाही, जन्मजात. मग साबण आत शिरतो आणि आतल्या पहारेकऱ्यांना वाटतं दरोडा पडला. ते जो धुमाकूळ घालतात, तो हा."

"पण आईची कातडी माझ्यासारखीच कोरडी आहे. तिने जन्मभर भांडी घासली, कडकडीत पाण्यात. तिचे हात लोण्यासारखे."

"तेच तर आम्ही शोधत होतो. अशा बायकांच्या तळव्यावर आम्हाला जिवाणूंची एक वस्ती सापडली. तिला साबणच खायची सवय लागलीय. दुधावर साय धरते तशी ती तळव्यावर पसरते, पण डोळ्यांना दिसत नाही. साबण कातडीपर्यंत पोचायच्या आत ही फस्त करते. कागदोपत्री नाव 'फेनभक्षी जीवपटल'. इथे आम्ही सायच म्हणतो."

वृषाली तारकांच्या स्पंदनांवर काम करणारी. शंका काढल्याशिवाय तिला राहवेना. "मग आईकडून मला का नाही आली?"

"आईबरोबर भांडी घासलीस कधी?"

"हात लावू द्यायची नाही. अभ्यास कर म्हणायची."

"म्हणजे आली असली तरी उपाशी मेली."

"बाटलीत भरून द्या ना मग."

"बाटलीत टिकत नाही गं. विरजणासारखी लावावी लागते, आणि उबेत. रोज संध्याकाळी आईच्या हातात हात घालून बसायचं, तास-दीड तास. असं आठवडाभर. येता-जाता हात लागून ती धरत नाही. आणि एक पथ्य. तिला रोज खायला घालायचं. साबण मिळाला नाही की ती तुझ्याच कातडीचं उरलंसुरलं तेल खायला लागते, मग खाज."

"नुसता साबण चोळला तर?"

"नुसता भात कोणी खातं का? वर वरण लागतंच. तिला साबणात विरघळलेलं तूप, तेल, खरकटं लागतं."

वृषाली बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली. "म्हणजे औषध म्हणून भांडी घासायची!"

"नकोशी झाली तर स्पिरिटने चोळून पूस, जाईल. ही बाटली असू दे. बाळाची काळजी करू नकोस. कोवळी कातडी भराभर बदलते, तिच्यावर टिकत नाही."

"आणि नवऱ्याला लागली तर?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तास-तासभर, रोज, हातात हात धरून? लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग भीती नाही."

*

वृषालीचं घर माणदेशातल्या एका उजाड माळावर होतं, आकाशातून येणारे रेडिओतरंग ऐकणाऱ्या प्रचंड दुर्बिणीच्या पायथ्याशी. शहरांतून घरोघर गृहयंत्रं आली होती. ती भांडी घासत, कपडे धूत, वर गाणीही म्हणत. पण ते तरंग इतके क्षीण, की एखाद्या मोटारीची ठिणगीसुद्धा त्यांना बुडवून टाकी. म्हणून दुर्बिणीभोवतीचा मुलूख 'मौनक्षेत्र' जाहीर झाला होता. तिथे गृहयंत्र नाही, धुलाईयंत्र नाही, मिक्सरसुद्धा नाही. फोन तेवढा जुना, तारेचा. कामाला बाई मिळावी तर तेही नाही. गृहयंत्रं आल्यावर आसपासच्या गावांतल्या बायका शिकून-सवरून इतर उद्योगांना लागल्या होत्या आणि परत भांड्यांकडे वळायला एकीलाही सवड नव्हती. झालंच तर बोअरचं पाणी जड. फेस म्हणून होत नसे, साबण दुप्पट लागे.

आई इस्लामपूरहून पिशवीभर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. साय-बिय तिच्या डोक्यावरून गेलं. पण लेकीचा हात धरून बसायचं आहे, एवढं कळायला तिला शास्त्र लागलं नाही. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसत, माळावरचा वारा खात.

"लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचीस," आई म्हणाली. "मग सोडलास तो सोडलासच."

आठवडाभर भांडी आईनेच घासली. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर हर्षद सवयीने ताट घेऊन मोरीकडे निघाला, तर आई वाटेत आडवी.

"अहो, हे काय हर्षदराव! ठेवा ते. जावयाने ताट उचलायचं? मी मेलेय का?"

"आई, तो रोज घासतो," वृषाली म्हणाली.

"रोज घासत असतील. माझ्या डोळ्यांदेखत नाही."

हर्षदने ताट ठेवलं आणि बायकोकडे पाहून भुवया उडवल्या. आई परत गेल्यावरही त्या भुवया पुरत्या खाली आल्या नाहीत.

साय धरली. वृषालीने आधी भीत-भीत एक वाटी विसळली, मग तवा, मग तुपाने माखलेली कढई. हात लाल झाले नाहीत. चिरा हळूहळू मिटल्या. आणि एका सकाळी तिने न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून, रुंजीला पायांवर घेतलं आणि उघड्या तळव्यांवर तेल ओतलं.

रुंजी रडायच्या तयारीने तोंड वेडंवाकडं करून होती. तेलाचा हात पोटावरून फिरला, तशी ती थबकली. मान वाकडी करून तिने ती नवी वस्तू पाहिली. मग आईचा अंगठा दोन्ही हातांनी धरला, तोंडात घातला आणि गंभीरपणे चव घेतली. वृषालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि मोकळा करायची तिला इच्छाही नव्हती.

पण घराला एक खोड असते. जो हात धड दिसेल, त्यात काम जाऊन बसतं.

आधी सकाळची भांडी तिच्याकडे आली, मग रात्रीची. मग दुपटी, चादरी, हर्षदचे माळाच्या धुळीने माखलेले कपडे. काम अंगावर घ्यायची हर्षदची तयारी असे. पण भांड्यांत हात घालायची वेळ आली की तो थबके.

"नको गं. सायीचं जेवण आहे ते. तिच्या ताटातलं मी कसं काढून घेऊ? तुझे हात परत फुटले तर?"

यात लबाडी किती आणि काळजी किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ती भांड्यांत अडकली म्हणून रुंजीची आंघोळ त्याच्याकडे गेली. तीही तो मनापासून करी. मोरीत कुकरचं बूड घासताना वृषालीला न्हाणीतून खिदळणं ऐकू येई. आंघोळीत डाळीचं पीठ आणि दूध. साबणाचा थेंब नाही, म्हणजे सायीच्या दृष्टीने तिथे जायचं कारणच नाही.

एका रविवारी तिने हट्टाने भांडी तशीच टाकली आणि रुंजीला पायांवर घेतलं. रुंजीने एक तांब्या सोसला, दुसऱ्याला भोकाड पसरलं आणि दाराकडे, बाबाकडे, हात केले.

"तिला माझ्या हाताची सवय झालीय गं," हर्षद दारातून म्हणाला. सहजच म्हणाला. "दे इकडे. तू भांडी उरक, नाहीतर खाज सुटेल तुला."

वृषालीने मुलगी दिली. मोरीशी येऊन उभी राहिली. चिरा होत्या तेव्हा लेकीला हात लावता येत नव्हता, आणि आता चिरा नव्हत्या तर तिला घ्यायला हात रिकामा नव्हता. तिने फळीवरून स्पिरिटची बाटली काढली, बूच उघडलं, वास घेतला. आईचे ओट्यावरचे हात आठवले. बूच परत लावून तिने बाटली खिडकीत ठेवली, डोळ्यांसमोर.

त्या दिवशी ती हर्षदशी कामापुरतंच बोलली. रात्री रुंजीला थोपटता-थोपटता रोजच्यासारखी तिच्याआधीच झोपी गेली.

*

दोन-चार दिवसांनी सकाळी हर्षद चहाचा कप खाली ठेवून तळवे पाटाच्या कडेवर घासू लागला.

"काय झालं?"

"काय माहीत. आठवडा झाला, नुसती खाज. रात्री वाढते. दुर्बिणीच्या वंगणाने असेल."

"बघू."

तळवे लालसर होते. पुरळ नाही, चिरा नाहीत. आई गेल्यावर एकदा वृषाली तापाने दोन दिवस पडून होती आणि भांडी हर्षदने केली होती. त्या वेळी तिचे तळवे अस्सेच दिसत होते. उपाशी.

तिने फोन लावला. परकार मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "भांडी घासतो का हल्ली?"

"नाही."

"साय आहे. भुकेली आहे."

"पण मॅडम, त्याच्याकडे आली कुठून?"

"कशी येते ते तुला सांगितलंय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं. "वेगळ्या वाटेने येत नाही ती. त्यालाच विचार."

वृषालीने फोन ठेवला. हर्षद दारातच उभा होता, रुंजीला कडेवर घेऊन.

"हर्षद, तू माझा हात धरून बसतोस?"

चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "कधी?"

"ते तू सांग. तास-तासभर. रोज."

"तू झोपल्यावर," तो म्हणाला. मग सावकाश सांगू लागला. "आधी नाही का, तू झोपलीस की मी तुला मलम लावायचो? एकेक चीर बघून, मग पट्टी. तेवढा वेळ लागायचाच. मग तुझे हात बरे झाले. मलम संपलं. पण मला... तिथेच बसायची सवय लागली होती. बघत बसतो, परत कुठे चीर पडलीय का. तुला जाग येत नाही म्हणून बोललो नाही."

वृषालीला चार दिवस साठवलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. राग काही खोटा नव्हता. पण आता त्याच्या शेजारी हे येऊन बसलं होतं.

"अरे माणसा," ती म्हणाली, "जागेपणी नाही का धरायचास?"

"जागेपणी तुझे हात भांड्यांत असतात."

"ते कोणामुळे?"

हर्षदने तळवा पँटला घासला.

मग तिने त्याला शास्त्र सांगितलं, जसं मॅडमनी तिला सांगितलं होतं. आता घरात सायी दोन आणि खरकटं एकाच घरचं. तिच्या सायीचं अर्ध्यावर भागेल, त्याच्या सायीचंही भागेल, पण दोघांना रोज हात घालावाच लागेल. एकानेच सगळी भांडी घासली की दुसऱ्याचे तळवे खाजणार. "नाहीतर ती बघ खिडकीत बाटली. चोळ, पूस, मोकळा हो. मी काही म्हणणार नाही."

हर्षदने बाटलीकडे पाहिलं. मग रुंजीला तिच्याकडे दिलं, बाह्या वर केल्या आणि रात्रीच्या पिठल्याच्या कढईत साबणाचं पाणी ओतून दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. घासता-घासता त्याचे डोळे अर्धवट मिटले.

"अगं, थांबली! खाज थांबली!"

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"हर्षदराव काय करतायत?"

"भांडी घासतायत."

"अगंबाई! आणि तू काय करतेयस?"

"आई, तुझ्याचमुळे घासतायत ते," वृषाली म्हणाली आणि सगळं सांगितलं. जिने जावयाला ताट उचलू दिलं नाही, तिचीच साय त्याला मोरीशी उभी करून बसली होती.

"मेलं," आई पुटपुटली, "आम्हाला कोणी झोपेत हात धरून बसलं असतं तर! ...पण त्यांना म्हणावं पुसून टाका हो ते. बरं दिसतं का?"

वृषालीने मोरीकडे वळून सांगितलं, "आई म्हणतेय पुसून टाका."

"छे!" हर्षद कढईतून ओरडला. "सासूबाईंच्या हातचं आहे. टाकवत नाही."

*

त्या सकाळी पाणी तापल्यावर वृषालीने रुंजीला पायांवर घेतलं. पहिल्या तांब्याला रुंजीने दाराकडे पाहिलं. बाबा तिथे नव्हता. तो पलीकडे ताटं आपटत होता आणि बेसूर गात होता. रुंजीने ओठ काढला. वृषालीने घाई केली नाही. तेलाचा तळवा तिने नुसता पोटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. ऊब पोचायला वेळ लागतो, हे आता तिला ठाऊक होतं.

हळूहळू ओठ आत गेला. रुंजीने आईचा अंगठा शोधला, धरला आणि पलीकडच्या भांड्यांचा आवाज ऐकत पडून राहिली.

तिच्या कातडीवर साय अजून टिकणार नव्हती. अजून बरीच वर्षं नाही. तरीही वृषालीने तिच्या मुठीतला आपला हात सोडवून घेतला नाही.