क्षमापनेचा फोन

टेलिफोनचा काळा रिसीव्हर सुगनबाईने कानाशी धरला, आणि सात समुद्रांपलीकडून, जर्मनी नावाच्या त्या बर्फाच्या देशातून, तिचा एकुलता एक निर्मल तिच्याशी बोलू लागला… आणि तिला एक अक्षरही ऐकू आलं नाही!

ऐकू येणार कसं? तिचे कान केव्हाच गेले होते. जळगावच्या त्या भरल्या घरात, डाळगिरणीत, जैन स्थानकात, कुणालाही याचा पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते फक्त धुळ्याला राहणाऱ्या तिच्या भावाला, सुभाषचंदला. माहेरी गेली असताना त्यानेच तिला डॉक्टरकडे नेलं होतं, आणि "गिरणीच्या घरघरीनं नसा मेल्या, आता उपाय नाही," हे डॉक्टरांचं बोलणं त्यानेच रडत रडत हातवाऱ्यांनी तिला समजावलं होतं. तेव्हा तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "माझ्या गळ्याची शपथ आहे, वीरा, भाऊराया. कुणाला बोललास तर मेलेलं तोंड बघशील!"

एवढं लपवायचं कारण? कारण एकच, निर्मल.

नवरा गेल्यापासून ती जेठजींच्या, म्हणजे मोठे दीर अमृतलाल यांच्या आश्रयाला होती. माणूस वाईट नव्हता, पण आपलं म्हणणं दगडावरची रेघ समजणारा. निर्मलला परदेशी यंत्रविद्या शिकायला धाडायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून, जाऊबाई जतनबाईंच्या तोंडून निरोप दिला होता, "गिरणीच्या धान्यसफाईच्या अंगणात आपल्या घरचं एक माणूस बसलंच पाहिजे. आपली सून, बीनणी, बसते आहे तोवर पोरानं खुशाल शिकावं. ज्या दिवशी तिच्यानं होणार नाही, त्या दिवशी त्यानं परत येऊन गादीवर बसायचं." झालं! त्या दिवसापासून सुगनबाईला आजारी पडायची, म्हातारी व्हायची, बहिरी व्हायचीसुद्धा सोय उरली नाही.

आणि बहिरेपण लपवायला डाळगिरणीसारखी जागा नाही! तिथे पट्ट्यांच्या फटफटीत आणि चाळणीच्या खडखडाटात धडधाकट माणसालाही शेजारच्याचं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. बोटं वर केली की पोतं उचला, मूठ फिरवली की चाळण लावा, तळवा आडवा केला की थांबा. त्या अंगणात सगळेच बहिरे, मग एकटी सुगनबाई कुणाला कळणार? घरात बायकांचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची. पुरुषांचा प्रश्नच नव्हता, कारण जेठांसमोर तोंडभर पदर ओढायचा आणि चकार शब्द काढायचा नाही, ही मारवाडी घराची रीत. फक्त स्वतःचा आवाज आपोआप चढतो, हे भावाने सांगितलं होतं. म्हणून बोलताना ती गळ्यावर हात ठेवायची. हाताला थरथर जास्त लागली की आवाज उतरवायची.

आजही तिचा एक हात गळ्यावरच होता. संवत्सरीचा उपास काल झाला होता, आज पारणं. घरोघर माणसं एकमेकांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत क्षमा मागत होती, गिरणी बंद होती, आणि निर्मलने नेमका आजच्या दिवसाचा फोन लावला होता. रीतीप्रमाणे जेठजी गिरणीच्या ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिले. हातातलं ते काळं यंत्र निर्जीव लाकडासारखं गार होतं. आपला बाळ त्याच्यात बोलतो आहे… काय बोलतो आहे? आजारी आहे? परत येऊ म्हणतो आहे? 'लाइन खराब आहे' म्हणावं, तर जेठजी रिसीव्हर घेऊन पाहणार आणि त्यांना लख्ख ऐकू येणार! सांगता येईना नि सोसता येईना! काहीतरी तर बोललं पाहिजे. आई दुसरं काय बोलणार? गळ्यावरचा हात घट्ट दाबून ती हलकेच म्हणाली,

"जेवलास का रे? तिथं काय जेवतोस?"

मग ती थांबली. उत्तर द्यायला त्याला वेळ मिळावा म्हणून पुष्कळ वेळ थांबली. पुन्हा तेच विचारलं. शेवटी जेठजींनी दारातून हात हलवला तेव्हा तिने रिसीव्हर खाली ठेवला. "काय म्हणाला?" जतनबाईंनी विचारलं. "मजेत आहे म्हणाला," सुगनबाई हसून म्हणाली. वर्षभराची पापं धुऊन टाकायच्या त्या पवित्र दिवशी ती धडधडीत खोटं बोलली!

तोवर निर्मलकडून तिच्यासाठी दरमहा चित्राचं कार्ड यायचं. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्राला अक्षर कशाला लागतं? त्या चित्रांवरूनच ती तो मुलूख हिंडली होती. दगडी पुलांची रुंद नदी, साखर पेरल्यासारखी पांढरी झालेली छपरं, घसरगाडीवरून खाली येणारी लालगाल मुलं, कोबीच्या ढिगांचा बाजार. कुठल्या गल्लीत त्याची खोली असेल, कुठल्या पुलावरून तो कॉलेजला जात असेल, हे तिने मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पिठाच्या डब्यामागे लावलेल्या त्या कार्डांशी ती पोळ्या लाटता लाटता बोलायची.

त्या फोननंतर कार्डं बंद झाली.

एक महिना गेला, दिवाळी गेली, वर्ष गेलं. जेठजींच्या नावे चार ओळींचं कोरडं पत्र यायचं. शिक्षण संपलं, तिथेच एका कारखान्यात नोकरी लागली. आईला नमस्कार. बस्स! सुगनबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आपण त्या दिवशी असं काय बोललो? तो असं काय म्हणाला होता? आणि हे विचारायचं कुणाला? त्या यंत्रात दोघंच होती, आई नि लेक, आणि दोघांतल्या एकीला ऐकूच आलं नव्हतं! कुणाकडून, अगदी भावाकडूनही, पत्र लिहवून घ्यावं, तर उत्तर जेठजींच्याच हाती पडून बहिरेपण उघडं पडणार. आणि उघडं पडलं की जेठजी पोराला हातचा सगळा संसार मोडून परत बोलावणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अशी चार वर्षं ती अंगणात बसली, हात हलवत राहिली, आणि दर संवत्सरीला साऱ्या जगाची क्षमा मागून झाल्यावर पिठाच्या डब्यापुढे उभी राहून त्या जुन्या कार्डांचीही मागत राहिली.

आणि चौथ्या वर्षी, पारण्याच्याच दिवशी सकाळी, निर्मल दारात उभा राहिला.

आगाऊ पत्र नाही, तार नाही. अंगावर परदेशी कोट, हातात एकच बॅग. ओसरीवर जेठजी बसले होते. त्यांच्या पाया पडून तो म्हणाला, "बाबासा, राहायला आलो नाही. बाईची एकदा तोंडावर क्षमा मागायची आहे. तिनं दिली तर राहीन चार दिवस. नाही दिली तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

'बाबासा' म्हणजे मोठे काका, 'बाई' म्हणजे आई. आई ओसरीसमोरच, बंद असलेल्या गिरणीच्या अंगणात पाठमोरी बसून पारण्यासाठी मूग निवडत होती. निर्मल तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभा राहिला.

"बाई…"

सूप हलत राहिलं.

"बाई, मी आलोय. तू त्या दिवशी फोनवर विचारलंस ना, तिथं काय जेवतोस? वार झेलावा तसा तो प्रश्न मी झेलला गं… तो बरोबरच होता. साध्वीजींसमोर तुझ्या पायावर हात ठेवून मी नेम घेतला होता, मांस-मटणाला शिवणार नाही म्हणून. पण पहिल्या हिवाळ्यात तापानं फणफणलो. इस्पितळात ना ओळखीचं माणूस, ना कुणाची भाषा कळायची. एका म्हातारीनं, तिथल्या नर्सनं, वाडग्यातून रस्सा भरवला. कशाचा ते मला वासावरून कळलं होतं, बाई… तरी मी प्यालो! जगायचं होतं मला. ते सांगून मी रडत क्षमा मागितली, आणि तू म्हणालीस, जेवलास का? दोनदा म्हणालीस! शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."

हे सगळं सुगनबाईच्या पाठीला ऐकू आलं, कानांना नाही. ती मुगातला खडा उचलून बाजूला टाकत होती.

निर्मलने खालमानेने बॅग उचलली. ओसरीवर जेठजींनी हे सगळं ऐकलं होतं. "एवढी कठोर कशी झाली ही बाई…" ते पुटपुटले.

तेवढ्यात अंगणात धान्य साफ करणारी धुरपदाबाई पारण्याचा प्रसाद न्यायला फाटकातून आत आली. निर्मलला पाहताच तिचे डोळे विस्फारले. "अवं माय! तुना पोऱ्या उना शे ना वं!" ती ओरडली, आणि गिरणीतली सवय म्हणून समोर जाऊन हातही हलवले, कमरेइतक्या उंचीवर तळवा धरला, म्हणजे पोरगा, मग बोट मागे दाखवलं.

सुगनबाई वळली.

सूप कलंडलं, मूग अंगणभर सांडले. समोर निर्मल होता. वाळलेला, कानांपाशी पांढरा झालेला, डोळ्यांतून धारा लागलेल्या. त्याने हात जोडले आणि त्याचे ओठ हलले. इतर काही तिला कळलं नसतं, पण दरवर्षी याच दिवशी गावभरच्या ओठांवर पाहिलेले ते दोन शब्द तिने ओळखले. मिच्छामि दुक्कडं! ती धावली. गळ्यावर हात ठेवायचं भान तिला उरलं नाही. त्याचं तोंड ओंजळीत धरून ती म्हणाली,

"माझ्या राजा! तुला रे कसली क्षमा! आधी सांग, जेवलास का?"

तोच प्रश्न! निर्मल चटका बसल्यासारखा मागे सरला… आणि जागच्या जागी थिजला. कारण आई ते बोलली नव्हती, किंचाळली होती. गिरणीचे सगळे पट्टे चालू असताना माणूस ओरडतं, तशी ती त्या शांत अंगणात ओरडली होती! जेठांसमोर जिने जन्मात श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही, तिच्या आवाजाने छपरावरची कबुतरं उडाली.

"बाई," तो तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, "तुला… ऐकू येत नाही?"

ओठांवरून तिला प्रश्न कळला. तिने घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला, ओसरीकडे चोरून पाहिलं, आणि तिच्या समजुतीने अगदी त्याच्या कानात पुटपुटावं तसं म्हणाली,

"हळू बोल रे! बाबासांना कळलं की मी बहिरी झाले, तर तुझं सगळं सोडवून परत बोलावतील! मी कुणाला कळू दिलं नाही…"

सारं अंगण दणाणून गेलं.

निर्मलने हंबरडा फोडला आणि तिच्या पायांवर कोसळला. ओसरीवरून जेठजी उठले. ते जवळ येताना दिसताच सुगनबाईने सवयीने झर्रकन पदर खाली ओढला. ते समोर उभे राहिले. पण तिच्याशी बोलून उपयोग तरी काय होता?

"निर्मल," ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पदर वर घे म्हणावं. मला क्षमा मागायची आहे… तिला दिसली पाहिजे."

निर्मलनेच तिचा पदर मागे सारला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने जेठजींचा चेहरा समोरून पाहिला. तो म्हातारा हात जोडून रडत होता. सुगनबाईनेही हात जोडले.

पारणं आटोपून दुपारी गिरणी सुरू झाली. घरघर उठताच जेठजी "बंद करा, बंद करा ती!" म्हणत धावले. इतकी वर्षं त्या आवाजाने काय गिळलं ते आज त्यांना कळलं होतं. पण सुगनबाईने हात हलवला. चालू राहू द्या!

तिने निर्मलला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि मूठ उघडून विचारलं, त्या दिवशी फोनवर काय म्हणालास?

त्याने कपाळावर हात ठेवला, ताप. अंग चोरून कुडकुडला, थंडी. ओंजळीचं वाडगं केलं, ओठांना लावलं, आणि मान खाली घातली.

सुगनबाईने त्याची हनुवटी वर केली. एवढंच? एवढ्यासाठी चार वर्षं? तिने त्याची ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरली, पुन्हा त्याच्या ओठांशी नेली, आणि मानेने सांगितलं, प्यालास ते बरं केलंस रे.

मग तो तिला सांगू लागला. बोटांनी बर्फ पाडला, हातांनी पूल बांधले, नदी वाहवली. इकडे यंत्रं गडगडत होती, त्यालाही आता स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आईने पिठाच्या डब्यामागची कार्डं आणून त्याच्यापुढे मांडली, एका पुलावर बोट ठेवलं, आणि नजरेनेच विचारलं, इथूनच जायचास ना?

तो पूल दुसऱ्याच गावचा होता. निर्मलने होकाराची मान हलवली.