आबासाहेबांच्या गाडीतला दुसरा माणूस

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. आजवर बसलेला नाही. तरी ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, आणि खोटी निघाली तर सांगणाऱ्याची मिशी इथंच भादरा.

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. दसरा होऊन तीन दिवस झाले होते.

जागा हीच. सोलापुरातली शुक्रवार पेठ, शिवलिंगप्पा मिस्त्रीची ही गाड्या दुरुस्तीची शेड.

शिवलिंगप्पा आज हयात नाही. पण त्याची बायको जगदेवी आत चहा टाकते आहे, आणि गाडीचे मालक, सांगोल्याचे आबासाहेब, समोर बाजेवर बसले आहेत. सांगताना इकडचं तिकडं झालं तर त्यांनी टोकावं.

गाडी होती विलायती. हिरवी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. पळायला वाघीण, पण पोट जमिनीला टेकलेलं. सांगोल्याच्या रस्त्यावर दर खड्ड्याला खालून खरवडायची. म्हणून आबासाहेबांच्या भाच्यानं विलायतेहून पुढच्या चाकांसाठी नवी जोडी आणली. स्प्रिंगच्या पोटातच शॉकॲब्सॉर्बर. बाहेरून आटे, आट्यांवर एक चकती. पान्यानं चकती वर चढवली की गाडी उंच, खाली उतरवली की गाडी बसकी.

अख्ख्या सोलापुरात असली वस्तू कुणी बघितली नव्हती.

आबासाहेब म्हणाले, "शिवलिंगप्पा, सोमवारी गाडी सरळ उभी दिसली पायजे. न्हाय जमलं तर आत्ताच सांग. पण मग माझी जीप, दोन्ही ट्रॅक्टर आन् ट्रक, समदं पुण्याला जातंय."

शिवलिंगप्पा म्हणाला, "जमतंय की."

म्हणाला खरं. पण शेड चालत होती ती आबासाहेबांच्या त्या चार गाड्यांवर. त्या गेल्या असत्या तर शेडला कुलूप, आणि शिवलिंगप्पा परत गिरणीच्या दारात, काम मागायला.

दसऱ्याआधीच शेडमध्ये येऊन पडलेली जोडी त्यानं शनिवारी दुपारपर्यंत बसवली. चकत्या फिरवून दोन्ही बाजू सारख्या केल्या. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये डावीकडं चार बोटं, उजवीकडं चार बोटं. तसूभर फरक नाही.

आता त्याची एक पद्धत होती. रिकाम्या गाडीचं माप तो माप मानायचा नाही. मालकाच्या वजनाची ज्वारी पोत्यात भरायची, पोतं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं आणि मग बोटं घालायची.

आबासाहेब तेव्हा ब्याण्णव किलो. त्यानं ब्याण्णव किलोचं पोतं उजव्या सीटवर ठेवलं.

गाडीनं आवाज केला…

कुंऽई.

उजवी बाजू खाली गेली. एक बोट जायला हवी होती. ती गेली दोन बोटं.

एका पोत्यानं एवढी जात नाही. एवढी जायला दोन माणसं लागतात.

त्यानं पोतं काढलं. गाडी वर आली. पुन्हा चार बोटं.

पुन्हा ठेवलं… पुन्हा दोन बोटं खाली.

शिवलिंगप्पाला आधी पोत्याचाच संशय आला. अडत्याकडं नेऊन काट्यावर घातलं. ब्याण्णव भरलं. मग फरशीचा संशय. गाडी उलट्या तोंडानं उभी केली. तरी ड्रायव्हरचीच बाजू बसली.

मग माणसांचा संशय. समोर कल्लप्पाची शेड होती. आबासाहेबांची कामं आपल्याला मिळावीत म्हणून तो टपलेलाच असायचा. त्या दिवशी दोनदा येऊन डोकावून गेला होता.

शिवलिंगप्पानं त्याचं मनगट धरलं. "काय केलास रे माझ्या गाडीला?"

"मी कशाला हात लावू तुझ्या गाडीला? फिटिंग तुला जमंना, आन् नाव माझं व्हय?"

"मग बस हितं. बस म्हणतो न्हवं."

कल्लप्पा हसत हसत बसला. स्टिअरिंग धरलं. भोंगा वाजवायला हात उचलला…

आणि हात तसाच राहिला.

कुंऽई.

"शिवलिंग," तो हळूच म्हणाला, "माझ्या मांडीवर कोन बसलंय बघ की."

मांडीवर कुणी नव्हतं.

कल्लप्पा उठला तो नीट घरी गेला. त्याची एक चप्पल गाडीतच राहिली. ती न्यायला तो आला नाही, बायकोला पाठवलं.

रविवारी शिवलिंगप्पानं शेड उघडली नाही. दाराबाहेर स्टूल टाकून बसला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. यानं केलं असेल का… त्यानं केलं असेल का…

आत गाडी एकटी होती.

दुपारी आतून आवाज आला… कुंऽई.

म्हणजे कुणीतरी बसलं.

थोड्या वेळानं पुन्हा आला. म्हणजे उठलं.

सोमवारी दिवेलागणीला आबासाहेब आले. शिवलिंगप्पानं हात जोडले.

"आबासाहेब, एक विचारतो. रागवू नका. ही गाडी तुमच्या आधी कुणाची होती?"

"पुण्याच्या मानसिंगांची. का?"

"ते कुटं असतात आता?"

"गेले की. ह्याच गाडीत गेले. फाटकापाशी गाडी थांबवली आन् बसल्या जागी मान टाकली. दारवान म्हनत होता, हातातलं स्टिअरिंग सोडवायला दोगं लागले."

शिवलिंगप्पानं ड्रायव्हरच्या सीटकडं बघितलं. मग त्यानं विचारलं, "अंगानं कसे होते?"

"असतील माझ्याएवढे."

एवढं ऐकूनही आबासाहेब बसले. मानलं पाहिजे. दार उघडलं, आत बसले, स्टिअरिंगला हात लावला…

गाडी उजवीकडं बसली. दोन बोटं.

आणि स्टिअरिंग कोमट होतं. नुकताच कुणीतरी हात काढून घ्यावा, तसं.

आबासाहेब उतरले. दार लावलं नाही. "शिवलिंगप्पा, तुझी काय चूक न्हाय," एवढंच म्हणाले. आठवड्यात गाडी पाण्याच्या भावात हैदराबादच्या व्यापाऱ्याला गेली. जीप, ट्रॅक्टर, ट्रक इथंच राहिले. शेड टिकली.

आता कुणी शहाणा म्हणेल, स्प्रिंगांतच खोट असणार. नव्हती. दोन्ही स्प्रिंगा जुळ्या बहिणी होत्या. डावीला झाकावं न् उजवीला काढावं. विलायतेच्या कागदातही तसंच लिहिलं होतं…

"कायबी सांगू नका, कमलाकरभाऊ."

जगदेवी चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"जुळ्या कुटल्या? एकीवर तांबडा ठिपका होता. खंडेनवमीला पूजेत मांडायच्या म्हणून मी घासत होते. मला वाटलं कोनतरी पान खाऊन थुंकलंय. चिंच लावून लावून काढला मी तो. गाडी गेली, आन् पंधरा दिसांनी खोक्याच्या तळाला कागद घावला. विंग्रजी कुनाला येतंय आमच्यात? तुमीच वाचला की. तांबडी कडक हाय, ती डायवरच्या अंगाला लावायची. ह्येंनी उलट्या बसवल्या होत्या. ह्ये रडले हितंच, ह्या फरशीवर. आबासाहेबांला सांगून येतो म्हणत होते. तुमीच न्हाय जाऊ दिलं."

तिनं कप बाजेपाशी ठेवले.

आबासाहेब बाजेवर पुढं सरकून बसले.

"थांबलास का, कमलाकर? सांग की. त्या कागदात काय लिवलं होतं?"