पांढऱ्या उश्यांचा चोर

“चोरी झालीय. उश्यांची!” खुर्चीत टेकायच्या आधीच मालकीणबाईंनी जाहीर केलं.

वहिनीला हसू फुटलं. गुप्तहेर नणंदेच्या हाताखाली आल्यापासून तिने हिरे शोधले होते, कुत्रा शोधला होता, एकदा तर कुणाचा नवराही! पण उश्या?

“हसू नका. माझ्या शिवणखान्यातल्या स्टुलांवरच्या पांढऱ्या उश्या एकेक करून गायब होतायत. कुलूप आमची सगळ्यांत लहान कारागीर, धाकटी, तीच लावते. संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही, तर तिला घरी बसवणार.”

“चला, वहिनी!” वन्सं उठल्यासुद्धा. वहिनीने तोंडातलं बिस्कीट कसंबसं गिळलं.

शिवणखान्यात मशिनी खडखडत होत्या. उशी गेलेलं एक स्टूल वन्संनी निरखलं. मधलं लाकूड तेवढं घासून घासून उजळलं होतं.

“डाग पडला म्हणून उशी लपवलीस का गं?” त्यांनी धाकटीला हळूच विचारलं.

धाकटी रडवेली झाली होती, तरी फणकारली. “डाग पडला तर धुते की! इथे सगळ्या बायकाच. पॅड लागलं तर ओरडून मागतो आम्ही.”

इस्त्रीवाली वाफेतून म्हणाली, “मी दिवसभर उभी, मला उशी कशाला? हल्ली आक्कासुद्धा उभ्यानेच जेवतात. पाठ धरलीय म्हणे. नाहीतर दुपारी मिळेल त्या स्टुलावर बैठक मारायच्या.”

आक्का म्हणजे कापड बेतणाऱ्या, सगळ्यांत वडील. टेबलापाशी उभ्या, काळ्याभोर कपड्यांत, अंगभर खडूची भुकटी.

“पोरींचे महिन्याचे भोग, दुसरं काय! आमची कटकट तर कधीच सरली.”

“तुम्ही नेहमी काळंच घालता?” वन्संनी विचारलं.

आक्कांची कात्री जोरात चालू लागली. धाकटी पुटपुटली, “खडूने काम करणाऱ्याने काळं घालू नये, हे आक्कांनीच शिकवलंय.”

“धाकटीच!” वहिनीने कोपऱ्यात निकाल दिला. “रडण्याचं सोंग आहे सगळं.”

“वहिनी, तुमच्या डोक्यात आणि त्या उशीत एकच माल. कापूस!”

मग वहिनीखेरीज सगळ्यांना बाहेर पाठवून वन्संनी आक्कांपुढे स्टूल सरकवलं. “बसा.”

आक्का बसल्या नाहीत.

“लाकूड घासलंय, म्हणजे उशीतून काहीतरी झिरपलं होतं. पोरी डाग लपवत नाहीत. लपवेल ती, जिला आता डाग पडायलाच नको. दर वेळी स्टूल वेगळं, कारण तुमचं स्वतःचं स्टूलच नाही. मग तुम्ही बसणंच सोडलंत. आणि खडू हातात असून काळे कपडे!”

कात्री थांबली.

“या वयात हे... कुणाला सांगू? उश्या पिशवीतून घरी नेल्या. पोरीवर आळ येईल असं वाटलं नव्हतं हो.”

“आळ पुसता येईल. पण आक्का, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचं असतं. बहुतेकदा साधंच काही निघतं. पण गर्भाशयाचा कॅन्सर असला, तर तो बऱ्याचदा अशीच आधी वर्दी देतो.”

वहिनी पुढे झाली. तिने आक्कांचा हात धरला. “मी येते बरोबर. माझी डॉक्टरही बाईच आहे, आणि फार गोड आहे.”

आक्कांनी डोळे पुसले, दार उघडलं आणि मालकीणबाईंना सगळं स्वतःच सांगितलं. धाकटीला जवळ घेतलं.

निघाला तो कॅन्सरच. पण लवकर सापडला, एका शस्त्रक्रियेत भागलं. आक्का कामावर परतल्या त्या दिवशी धाकटीने एक गडद लाल उशी पुढे केली. “स्वतः शिवलीय. हिच्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही, आक्का!”

“नको गं बाई,” पांढऱ्या कपड्यांत स्टुलावर ऐसपैस बसत आक्का हसल्या. “पांढरीच शिव. दिसलं म्हणून तर वाचले.”