चंद्रापर्यंत गेलेला पूर

सिग्नीने छपाईयंत्रावरचा पुराच्या आकडेमोडीचा गठ्ठा उचलला, तो भलत्याच कुणाचा निघाला. कॅनडातल्या विनिपेगला त्या मार्चात थंडी अशी, की गोठलेली मिशी तडकेल म्हणून मिशीवाले प्राध्यापक दाराबाहेर हसायला धजत नसत. निम्मं गणितखातं त्या यंत्राच्या उबेला पाठ शेकत उभं असे.

"हा माझा पूर नव्हे," ती म्हणाली. "हा शांत आहे."

"माझा आहे." कानटोपीतला लांबोडा अर्विन फ्रीझन हात पुढे करून उभा होता. "तुझा काल चंद्रापर्यंत गेला म्हणे?"

"परवा. काल चंद्र ओलांडला."

खोटं नाही सांगत. पुराची समीकरणं सरळ सुटत नाहीत. पाणी चढलं की त्याचा वेगही बदलतो. म्हणून नदीचे तुकडे, काळाचे तुकडे, आणि पावलापावलाने पुढे. सिग्नीला कुठला धीर! टेबलाखाली तिचा पाय सारखा नाचे, आणि चारशेसतराव्या पावलाला तिची नदी आभाळात उधळे.

"पाऊल लहान घे," अर्विन म्हणे.

स्वतः तो तसाच. कॉफीच्या टेबलाशी त्याची खुर्ची रोज बोटभर तिच्याकडे सरके. सिग्नीने फरशीवर खडूने खुणा केल्या होत्या—पंधरा दिवस, पंधरा खुणा. या चालीने तो तिच्या कोपराशी पोचायला जून उजाडला असता. आणि तिला दूरच्या व्हँकूव्हरहून आलेल्या नोकरीच्या पत्राला शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं.

गुरुवारी तिने ते पत्र त्याच्या कपाशेजारी ठेवलं.

"हो कळवू?"

"चांगली... नोकरी आहे."

"नोकरीचं कोण विचारतंय?"

अर्विन चमच्याने ढवळत राहिला. कपात कॉफी नव्हती.

"तुझे कागद पुन्हा पाहिले मी," ती म्हणाली. "माझं पाऊल अर्ध्या मिनिटाचं, तुझं अख्ख्या तासाचं. आणि मला शिकवतोस होय रे?"

"माझी रीत वेगळी आहे. पुढच्या क्षणाचं पाणी मी नुसतं मागच्यावरून काढत नाही. नदीचे सगळे शेजारचे तुकडे एकमेकांना धरून ते एकदम सोडवतात. मग मोठं पाऊलही... उधळत नाही."

"सुरुवात कुठून करतोस?"

"अंदाजाने. जवळपासचा असला की झालं. मग तो सुधारत न्यायचा."

"मग सांग अंदाज."

त्याचे कान असे लाल झाले, की खिडकीवरचं बर्फ ठिबकू लागलं. विश्वास नसेल तर सोडा.

"माझा अंदाज... तू जावंस. आणि मी सोबत यावं."

"चुकला तर?"

"सुधारू. पण सोडवायचं दोघांनी मिळून."

"बघ हं. मी उधळते."

"माहीत आहे. चंद्रापर्यंत."

त्याने खुर्ची उचलली. पंधरा खुणा मागे राहिल्या, आणि त्याचं कोपर तिच्या कोपराला येऊन टेकलं. टेबलाखालचा सिग्नीचा पाय... थांबला.