बुंदीचं आखूड नाक

“ही आमची बुंदी नाही.”

सईने मान वर केली. दहा मिनिटांपूर्वी हाच तरुण तिच्या उस्मानपुऱ्यातल्या डॉग पार्लरमधून कुत्री घेऊन गेला होता. सकाळी त्याची मावसबहीण कुत्रीला सोडून गेली होती, न्यायला तो आला होता. जाताना तो ‘छान दिसतेय’ म्हणाला, तेव्हा नेमका कुणाकडे बघत होता हे सईने मुद्दामच तपासलं नव्हतं. आता तो पुन्हा दारात उभा होता आणि त्याच्या हातावर तीन किलोंची यॉर्कशायर टेरियर ऐसपैस पसरली होती.

“पट्ट्यावर नाव आहे की. बुंदी,” सई म्हणाली.

“पट्टा बुंदीचाच आहे. पण हिने माझा हात चाटला. बुंदी मला बघितलं की गुरगुरते. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही.”

“आंघोळीनंतर मूड बदलतो त्यांचा.”

“आणि नाक? तेही बदलतं?”

त्याने कुत्रीला टेबलावर ठेवलं आणि बोटाने दाखवायला सुरुवात केली. “बुंदीचं नाक आखूड, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. हिचं बघा केवढं लांब आहे. हिचे डोळे जवळ जवळ आहेत, बुंदीचे दूर दूर. शिवाय बुंदीचा खालचा जबडा थोडा पुढे येतो, तोंड मिटलं तरी दोन दात दिसतात.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही, कवळ्या बनवतो. दिवसभर जबडेच बघत असतो.”

सईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन अडकलं. कारण सकाळी तिच्याकडे याच जातीच्या दोन कुत्र्या, दोन यॉर्की, आल्या होत्या. दोघींचे पट्टे आंघोळीआधी काढून तिने एकाच खुंटीला अडकवले होते. आणि समोरच्या या नाकाच्या दोन्ही बाजूंचे केस तिने स्वतःच फुलवून ठेवले होते, ते लांब दिसू नये म्हणून. बाहुलीसारखा गोल चेहरा गिऱ्हाइकांना आवडतो. मग काय, सईबाईंनी दोघींनाही तोच चेहरा देऊन टाकला होता, आणि पट्टे घालताना स्वतःच फसल्या होत्या.

“दुसरी खुलताबादला गेली,” ती हळूच म्हणाली. “कडुबाभाऊ म्हणून आहेत, ते घेऊन गेले. चूक माझी आहे.”

तो चिडेल म्हणून तिने अंग चोरलं. तो चिडला नाही, पण मटकन खुर्चीत बसला.

“आज पाच वाजता आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढणार आहेत,” तो म्हणाला. “बुंदी घरात आली तेव्हाच आईची नजर अधू झाली होती. बुंदी तिला नुसती भुरकट दिसते. पट्टी काढली की पहिलं बुंदीचं तोंड बघायचं, असं तिने ठरवलंय… म्हणून तर केस कापायला पाठवली.”

सईने कडुबाभाऊंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ही नेली तर…” तिने विचारलं आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला.

“आईला कदाचित कळणारही नाही. तिने बुंदीला नीट बघितलेलंच नाही ना,” तो म्हणाला. “म्हणूनच तर नेता येत नाही.”

सईने त्याच्याकडे पहिल्यांदा धड बघितलं. मग तिने शटर ओढलं.

त्याचं नाव चिन्मय, हे तिला नगर नाक्यावर कळलं. ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली होती आणि मांडीवरच्या पिशवीतून ती लांब नाकाची यॉर्की डोकं बाहेर काढून वारा खात होती. तिचं नाव वाघीण. ठेवणाऱ्याची छाती मोठी असणार, असं चिन्मय म्हणाला.

दौलताबादला किल्ल्याजवळच्या दरवाजात एक ट्रक आणि एक बस समोरासमोर अडकून बसली होती. कोणीच मागे हटेना. कडेला पेरूवाल्या टोपल्या मांडून निवांत बसल्या होत्या. सईचे डोळे घड्याळावर, चिन्मयचे आरशात.

“तुम्ही माणसांकडेही असंच बघता का? जबडे, दात?” तिने विचारलं.

“सवय लागलीय, काय करणार.”

“मग माझ्यात काय काय चुकलंय?”

“चुकलेलं… काही नाही,” आरशातले डोळे हसले. “खालचा एक दात जरासा तिरका आहे. कुणी सरळ करून देतो म्हणालं तर करू देऊ नका.”

सईने ओठ घट्ट मिटून घेतले. पण तो पुढे बघायला लागल्यावर तिने जिभेने हळूच तो दात चाचपून बघितला. आजवर फोटोत ती तोंड मिटून हसत आली होती. त्या दातापायी.

“एक विचारू?” जरा वेळाने ती म्हणाली. “रागवावंसं नाही वाटलं?”

“वाटणार होतं. पण तुम्ही लगेच ‘चूक माझी’ म्हणालात… मग रागवायला जागाच उरली नाही.”

बस एकदाची मागे सरली. घाटात त्याने गाडी जोरात घेतली आणि तिने त्याचा खांदा धरला. घाट संपल्यावरही हात तिथेच राहिला. दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही.

खुलताबादला विचारत विचारत कडुबाभाऊंचं घर गिरणीच्या मागे सापडलं. ओट्यावर त्यांची बायको मालनबाई बसली होती, आणि तिच्या मांडीवर बुंदी, वाटीतला दूध-भाकरीचा काला चाटत होती. सईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ‘ही माझी कुत्री’ म्हणत चिन्मय पुढे झाला आणि बुंदी नेहमीच्या इमानाने गुरगुरली.

“बघा,” मालनबाई म्हणाली. “वळखत बी नाय ह्याला, आन् म्हणं माझी कुत्री.”

“काकू, ती मला ओळखते म्हणूनच गुरगुरते,” चिन्मय काकुळतीला आला.

“असं कुठं असतंय व्हय? माझ्या मांडीवर कशी गप बसली व्हती. माझ्या शिवमनं आठ दिवसाखाली पुण्याहून आणून दिली. आता कुठं लळा लागलाय. मी नाय द्यायची.”

आठ दिवसांत वाघिणीच्या लांब झिपऱ्यांखालचं तोंड मालनबाईने बघितलं तरी कधी असणार? चिन्मय नाकाचं आणि जबड्याचं सांगत राहिला, आणि जितकं सांगत गेला तितकी मालनबाईची मिठी घट्ट होत गेली. साडेतीन वाजले. सईला वाटलं, आता हात जोडावेत की रडावं? मग तिचं लक्ष अंगणातल्या नळाकडे गेलं.

“काकू, चूक माझ्या हातून झालीय,” ती खाली बसत म्हणाली. “मी दोघींचे चेहरे सारखे कापले, पट्टे उलटे घातले. ह्यांचा काही दोष नाही. मला फक्त दोघींची तोंडं ओली करू द्या. केस चापून बसले की खरं तोंड दिसतं. मग तुम्ही म्हणाल तसं.”

मालनबाईने मिठी सैल केली आणि बुंदीला खाली ठेवलं.

सईने ओंजळीने हळूहळू पाणी लावलं. फुगलेले गोल चेहरे विरघळून गेले. एक आखूड नाकाची, दूर दूर डोळ्यांची, दोन दात दाखवणारी. दुसरी निमुळती, टोकदार, चौकस. त्याच वेळी कडुबाभाऊ शेतातून आले आणि गाडीवरून उतरता उतरताच म्हणाले, “ही वाघीण भिजवली कुणी?”

“कोणती?” सईने श्वास धरून विचारलं.

“ही काय, लांब नाकाडाची. पहिल्या दिवशी इहिरीच्या मोटारीखाली धुतली तवा असंच मुंगसावाणी तोंड झालं व्हतं.”

मालनबाईने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग वाघिणीला उचलून पदराने पुसायला लागली. “पोरी, चुकलीस, पर दारात येऊन सांगितलंस,” ती सईला म्हणाली. “म्हैनाभरानं परत आणते हिला. फकस्त असं गोल तोंड करू नगस. मुंगसावाणी हाय तर तसंच दिसू दे.”

सईच्या डोळ्यांत पाणी आलं. चिन्मयने रुमाल पुढे केला. तो बुंदीच्या तोंडासाठी होता की तिच्यासाठी, हे त्यालाच ठाऊक.

पाचला पाच कमी असताना दोघं दवाखान्यात धापा टाकत पोहोचले. उमाताई, चिन्मयची आई, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, डोळा पुसला, खिडकीचा पडदा जरासा ओढला. चिन्मयने बुंदीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

उमाताई बघत राहिल्या. मग एक बोट त्यांनी बुंदीच्या नाकावरून फिरवलं. “इतकंसं नाक,” त्या पुटपुटल्या. “आणि दात बाई हे… दिसतात बाहेर. मला वाटायचं, चिन्मय उगीच चेष्टा करतो.” बुंदी त्यांची हनुवटी चाटत होती.

सईच्या छातीवरचं सगळं ओझं उतरलं. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. तिला राहवेना.

“मावशी, ही आज माझ्यामुळं हरवली होती. दुसऱ्याच घरी गेली होती. आत्ता खुलताबादहून आणली आम्ही.”

उमाताईंनी मान वर केली. आधी सईला बघितलं, मग चिन्मयला, मग पुन्हा सईला. त्यांच्या नव्या नजरेला घाई नव्हती.

“सापडली ना? झालं तर मग,” त्या म्हणाल्या. “आणि चिन्मय, तुझं तोंड असं का झालंय रे? कान लाल, डोळे तिच्याकडे. हे मला भुरकट असतानाही दिसलं असतं.”

“आई, तू बुंदीकडे बघ ना.”

“बुंदी बघून झाली.”

डॉक्टर खोकले आणि काहीतरी आणायला बाहेर गेले. चिन्मयने कपाळावरचा घाम पुसला आणि सईकडे वळला.

“हे मी आठवडाभर थांबून, नीट ठरवून सांगणार होतो,” तो म्हणाला. “एका दिवसात कुणी सांगतं का… पण मला तुम्ही आवडलात, सई. खूप. घाई नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, नाही म्हणालात तरी—”

“मला आठवडा नको,” सई म्हणाली.

आणि ती हसली, तोंड न मिटता. चिन्मय तिच्या शेजारच्या बाकावर बसला. उमाताईंनी दोघांना एकदा डोळे भरून बघितलं आणि मग डॉक्टर परत येईपर्यंत त्या बुंदीशी बोलत राहिल्या.