बूट दाराबाहेर

माबेलातल्या घरून निघाल्यापासून मंगला एक शब्द बोलली नव्हती, आणि मंगला गप्प बसली की तानाजीला धडकी भरायची. बायकोच्या वाटेला न जाता तो गुमान गाडी चालवत होता. मागच्या सीटवर पोळीभाजीचा डबा होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. कुरियात शहर मागे पडलं, समुद्र दिसेनासा झाला आणि डोंगराआडून हुजैरा गाव आलं. खजुरांचा एक पट्टा, बाकी नुसती भुरी माती.

"अनवाणी पळाला म्हणे!" ती अखेर बोलली. "ऑगस्टच्या आखाती उन्हात, या खडकांतून! म्हणणाऱ्याने आधी स्वतः चालून दाखवावं."

तानाजीने मान डोलावली. हे ती महिनाभर म्हणत होती आणि दर वेळी त्याला ते पटत होतं.

मंगलाचा धाकटा भाऊ सागर इलेक्ट्रिशियन. हुजैरात मातीच्या विटांचं एक जुनं चर्च होतं. पोर्तुगिजांनी बांधलेलं, ते गेल्यावर गावाने खजूर साठवायला वापरलेलं. आता टुरिस्टांसाठी त्याची डागडुजी चालली होती आणि दिवे बसवायचं काम सागरच्या कंपनीकडे होतं. एका दुपारी सागर तिथून दिसेनासा झाला. बूट तेवढे दाराबाहेर सापडले. कंपनीने चार दिवस वाट पाहिली आणि कामावरून पळून गेला अशी तक्रार ठोकून मोकळी झाली. आता तो सापडला तरी इथल्या कायद्याने गुन्हेगारच. तिकडे देवरुखला आईला शेजारीपाजारी विचारत होते, पोरगा काही चोरीबिरी करून पळाला का. आईने फोनवर हे सांगितलं त्या दिवशी मंगलाने हातातली कढई आदळली होती. सागर पळपुटा नाही, हे तिला कंपनीच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

कंपनीचा सुपरवायझर जितेश चर्चच्या सावलीत उभा होता. माणूस चिपळूणचा, म्हणून निदान आला तरी.

"वहिनी, उगाच त्रास घेतलात," तो म्हणाला. "पोलीस बघून गेले. आत काही नाही. खलास."

"बूट कुठे होते?"

त्याने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "इथे. जोडीने ठेवलेले. मोजे आत खोचलेले."

"पळणारा माणूस मोजे खोचत बसतो?"

जितेशने टोपी काढून डोकं खाजवलं.

"तुमची बाकीची पोरं आत कशी जातात?"

"बुटांसकट. चर्च आहे ना, इथे काढायचे नसतात."

"चर्च असो नाहीतर देऊळ. देवाच्या दारात सागर बूट काढणारच, आम्हाला आईने तसंच वाढवलंय. म्हणजे तो आत गेला. आणि बाहेर आला असता तर त्याने बूट घातले असते. एवढी साधी गोष्ट तुमच्या अख्ख्या कंपनीत एकाला कळू नये? की कळून घ्यायची नव्हती?"

मंगलाने चपला काढल्या. तानाजीही बूट काढायला वाकला, तशी ती पटकन म्हणाली, "तुम्ही नका येऊ. बाहेरच थांबा." आपण असं का म्हणालो, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आत गारवा होता. जुन्या खजुरांचा आंबूस वास आणि त्याच्याखाली ओल्या मातीचा. छप्पर नव्या लाकडाचं होतं, समोर कोनाडा, मूर्तीबिर्ती काही नाही. जितेश तिच्या मागोमाग बुटांसकट आला, पण दारापासून फार पुढे सरकला नाही.

"गिलावा ओला कसा?" तिने विचारलं.

"मार्चमध्ये केलाय. सुकत नाही."

"आणि बाहेरून एवढं मोठं दिसतं, आत एवढंच?"

"भिंती जाड आहेत." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "टेप लावली की दर वेळी आतलं माप आधीपेक्षा कमी येतं. मी पोरांवर ओरडतो. मग एकदा स्वतः लावून बघितली."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"काय सांगू, वहिनी?"

मंगलाच्या अंगाचा तिळपापड झाला. माप कमी येतं हे सांगायला याची जीभ रेटत नाही, आणि माझा भाऊ पळाला हे सांगायला बरी रेटली! पण भांडण तोंडाशी आलं असतानाच तिला भिंतीवरचे दिवे दिसले. सागरने बसवलेले, एका रेषेत. शेवटचा दिवा मात्र अर्धा भिंतीच्या मातीत गेला होता. नुसती काच तेवढी बाहेर होती.

"हा असा बसवतात?"

"त्याने नीट बसवला होता," जितेश म्हणाला. "फोटो आहे माझ्याकडे."

ती त्या दिव्यापाशी गेली. काचेवरची माती पुसायला हात नेला, तो थोडा खाली, भिंतीवर टेकला.

भिंत कढत होती.

तिने बाजूला हात लावून पाहिला. गार. खाली, गार. फक्त तेवढीच जागा, तिच्या डोक्याहून वीतभर उंच. सागर तिच्याहून एवढाच उंच होता.

"इकडे या. हात लावा."

"वहिनी, चला आता."

"हात लावा म्हणते ना!"

जितेश आला. त्याने हात लावला आणि लगेच ओढून घेतला.

"उन्हाने तापली असेल."

"या बाजूला बाहेर सावली आहे. तुम्ही मघाशी तिथेच उभे होता."

तो दाराकडे वळला.

"तक्रार मागे घ्या," ती म्हणाली. "तो पळालेला नाही. आजच्या आज मागे घ्या."

"घेतो. पण त्याजागी काय लिहू? तुम्हीच सांगा, काय लिहू मी?"

जितेश पाय घासत बाहेर गेला. बाहेर तानाजी त्याला काहीतरी विचारत होता.

मंगलाने पुन्हा तळहात टेकला. माती दमट झाली. पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तो जिभेला लावला.

खारट.

"पळून गेला म्हणतात रे तुला," ती हळू आवाजात म्हणाली.

तिने ओढणीच्या टोकाने ती जागा टिपली. लहानपणी त्याला ताप आला की त्याचं कपाळ टिपायची, तशी.

"अगं, ये ना बाहेर!" तानाजी दारातून ओरडला.

तिने हात काढायला घेतला. भिंत किंचित पुढे आली आणि तिच्या तळहातावर टेकली.